परत आलेले दात

धाकटीचे डोळे गेले, हे धाकटी सोडून बाकी सगळ्यांना आधी कळलं.

सासूबाईंना कळलं, कारण त्यांच्या मते बाळंतपणात बाईचं काही ना काही जातंच. कोणाचे केस जातात, कोणाची कंबर जाते, आणि नशीब फारच फुटकं असेल तर नवरा. मालकांना कळलं, कारण दात परत यायला लागले. नवऱ्याला कळलं, कारण आईने त्याला सांगितलं. आणि थोरली जाऊ? ती नुसती हळहळली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "झोप नाही गं तुला. झोप झाली की येईल सगळं परत."

परत दातच येत होते.

दोघी जावा एकाच ठिकाणी कामाला होत्या. एका जुन्या इमारतीच्या तळघरात खोट्या दातांची लॅब होती. गावभरातले दाताचे डॉक्टर तिथे जबड्यांचे साचे आणि एका चिठ्ठीवर रंगाचा नंबर पाठवायचे. पुढच्या खोलीत त्या साच्यांत प्लास्टर ओतलं जायचं, मधल्या खोलीत दातावर बसणारी कॅप घडायची, आणि अगदी आत, भट्टीशेजारी, एक टेबल होतं. त्या टेबलावर कॅपवर सिरॅमिकचे थर चढायचे आणि दाताला रंग यायचा. रंगाचं टेबल एकच, खुर्ची एकच. लॅबमधल्या साऱ्या बायका त्या खुर्चीकडे असं बघायच्या जसं काही तिला पाय नव्हते, पंख होते.

दात पांढरा असतो हे ज्यांना दात नुसते घासायचे असतात त्यांनी म्हणावं. हिरडीपाशी तो पिवळसर असतो, पोटात उबदार, थोडासा नारिंगी, आणि टोकाला जवळजवळ आरपार. नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. एका ओळीत सोळा दात, सोळा तऱ्हेचे पांढरे. चिठ्ठीवरच्या नंबराचा दात पट्टीतून काढायचा, आपल्या दाताशेजारी धरायचा आणि दोन्हींत फरक उरणार नाही तोवर ब्रश चालवायचा. मग भट्टी. मग झिलई.

धाकटीला या कामात थोरलीनेच आणलं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा थोरली तिथे प्लास्टर ओतून ओतून जुनी झाली होती. "घरी बसून सासूबाईंचं गुडघेपुराण ऐकायचंय का? चल माझ्याबरोबर," असं म्हणून तिने हिला हाताला धरून नेलं होतं. धाकटी वर्षभरात रंगाच्या टेबलावर बसली. मालक येणाऱ्या जाणाऱ्या डॉक्टरांना सांगायचे, "हिच्या डोळ्यांचा विमा उतरवला पाहिजे." ती खुर्चीवर बसली त्या दिवशी थोरलीने सगळ्यांना चहा पाजला होता. हसत पाजला होता. प्लास्टरचे हात धुऊन.

मग बाळ झालं. धाकटी रजेवर गेली आणि तात्पुरती म्हणून खुर्चीवर थोरली बसली. धाकटी परतली तेव्हा थोरली लगेच उठली. "घे बाई तुझं सिंहासन. माझी तर मान आखडली."

आणि मग ते सुरू झालं.

आधी एक दात आला. मग आणखी एक. मग एका सकाळी मालकांनी तिच्यासमोर तीन डब्या ठेवल्या.

"हा राखाडी दिसतोय म्हणे. हा हिरवट. आणि याच्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगत नाही."

"सांगा ना."

"म्हणाले, मेलेल्या माणसाच्या तोंडातून काढलाय का?"

मागे प्लास्टरच्या खोलीत कोणीतरी फिस्कन हसलं. धाकटीने डबी उघडली, चिठ्ठी वाचली, पट्टीतून नंबर काढला आणि दात त्याच्याशेजारी धरला. दोन्ही अगदी एकसारखे होते. जुळी भावंडंच जणू.

"मालक, जुळतोय की हो."

मालकांनी दातांकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला जुळतोय," ते म्हणाले.

आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. आजाऱ्याशी बोलतात तसं.

ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, तिने खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे दाखवले, तिने तेही सांगितले. "नजर उत्तम आहे. झोपा जरा," डॉक्टर म्हणाले. मांडीवरच्या बाळाने तेवढ्यात त्यांचं पेन तोंडात घातलं होतं. झोपा म्हणे! कोणाच्या घरी?

पण एकदा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला की माणूस कुठल्या कुठे घसरत जातं. भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडताना ती शेजारच्या बाईला विचारू लागली, "पिकलेत ना हो?" बाळाची दुपटी धुऊन वाळत घातली की पुन्हा पुन्हा जाऊन बघायची, डाग राहिला का. आणि बाळाच्या खालच्या हिरडीतून जेव्हा पहिला दात डोकावला, तांदळाच्या कणीएवढा, तेव्हा तिने त्याला खिडकीत नेलं, ओठ हळूच खाली ओढला, आणि कितीतरी वेळ बघत राहिली. निळसर, दुधाच्या सायीखालच्या दुधासारखा पांढरा. असा पांढरा पट्टीत कुठेच नव्हता. किती सुंदर दिसत होता! पण तिला खात्री वाटेना.

"अहो, जरा बघा ना. पांढराच आहे ना?"

नवरा वाकला, गंभीर चेहऱ्याने बघितलं. "छे! जांभळा आहे. वर हिरवे ठिपके."

ती हसली नाही. ती रडायला लागली आणि बिचाऱ्याला कळेना की एवढं काय बोललो आपण.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने स्वतःच मालकांना सांगितलं, मला प्लास्टरला बसवा. त्यांनी एकदासुद्धा नको म्हटलं नाही. थोरली आत गेली, धाकटी बाहेर आली. बादली, प्लास्टरची पोती, आणि हाताला न सुटणारी पांढरी साय. त्या पांढऱ्याला मात्र नंबर नव्हता.

थोरलीचा एकही दात परत आला नाही.

"तुमची जाऊ म्हणजे छुपी रुस्तम निघाली," बायका म्हणायच्या. धाकटी मान डोलवायची. घरी सासूबाई थोरलीच्या ताटात आधी वाढायला लागल्या. थोरलीला मात्र या नव्या कामाने चहाचं व्यसन लावलं असावं. घटकेघटकेला ती ओढणीखाली काहीतरी सांभाळत जिना चढून वर जायची. "डोकं चढतं गं आत. घोटभर चहा घेऊन येते." धाकटीला वाटायचं, खरंच किती ताण घेते बिचारी. एकदा तर तिने घरून थर्मासमध्ये चहा भरून आणला, की थोरलीला जिना चढायला नको. थोरलीने तो घेतला, "गुणाची गं माझी" म्हणाली, आणि थर्मास तसाच टेबलावर ठेवून वर निघून गेली.

एका सकाळी थोरली परस्पर माहेरून कामाला येणार होती, म्हणून लॅबची किल्ली धाकटीकडे होती. एरवी बाळाचं आवरून ती पोचायची तोवर लॅब भरलेली असायची, दिवे लागलेले असायचे. त्या दिवशी ती पहिली. अंधारात चाचपडत तिने रंगाच्या टेबलावरचं बटण दाबलं आणि सवयीने क्षणभर थांबली.

थांबावं लागलंच नाही. वरच्या दोन्ही ट्यूब धाडकन लागल्या होत्या.

ती तशीच उभी राहिली. या ट्यूब अशा कधीच लागायच्या नाहीत. आधी टिक, मग एक उजेडाची उचकी, मग पुन्हा टिक, दोन्ही टोकं लाल व्हायची, पुन्हा एक उचकी, आणि मग कुठे त्या सावकाश जाग्या व्हायच्या, झोपेतून उठवलेल्या पोरासारख्या कुरकुरत. लागल्यावरही बारीक गुणगुणायच्या. बाळंतपणाच्या आधी ती त्या गुणगुणीवरच काम करायची. आता वर चूं की चां नव्हतं. ट्यूबची पट्टी तीच, लांबी तीच, पांढरेपणा तोच, उलट जास्त लख्ख.

बाहेर जिन्यापाशी इमारतीचा वायरमन मीटरच्या फळीत डोकं घालून उभा होता.

"दादा, आमच्या आतल्या ट्यूब बदलल्यात का?"

"कधीच्या! तुम्ही रजेवर होतात तेव्हा. सगळ्या एलईडी केल्या. मालक म्हणाले, बिल फार येतं."

"पण दिसायला तर तशाच आहेत."

"दिसायला तशाच बनवतात, म्हणजे ट्यूबच्या जुन्या पट्टीत बसतात." वायरमनला बोलायला कोणीतरी हवंच होतं. त्याने पेचकस खिशात खोचला. "आत सगळं वेगळं असतं. तुमच्या आजीच्या वेळचा बल्ब, त्यात एक तार असायची. तार तापवायची, इतकी की ती पेटल्यासारखी उजळते. अर्धंअधिक उष्णतेतच जायचं, पण त्या उजेडात सगळे रंग असायचे, लाल तर भरपूर. तुमच्या जुन्या ट्यूबमध्ये तार तापून उजेड नाही यायचा. आत पाऱ्याची वाफ. तिच्यातून वीज गेली की असा किरण निघतो जो डोळ्याला दिसतच नाही. तो काचेला आतून लावलेल्या पावडरीवर आदळतो, आणि उजळते ती पावडर. पावडर जशी, तसा उजेड. तुमच्या टेबलावरच्या ट्यूब खास मागवलेल्या होत्या, भरदिवसाच्या उजेडाच्या."

"आणि या?"

"या? या खरं तर निळ्या." तो हसला. "आतला तो एवढासा दाणा निळा पेटतो. त्याच्यावर पिवळी पावडर थापतात. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला वाटतं, पांढरं. डोळा भोळा असतो हो. पण त्यात लाल कमीच असतो. चांगल्याही मिळतात म्हणा, लाल पावडर मिसळलेल्या. त्या कोणी मागितल्याच नाहीत."

धाकटी पुढचं ऐकायला थांबली नाही. कपाटातून परत आलेल्या दातांची डबी आणि पट्टी घेऊन ती जिना चढली. तळमजल्याच्याही वर, वळणाच्या जागी, एक उंच खिडकी होती, तिच्यातून सकाळचा उजेड येत होता. तिने दात बाहेर काढला, पट्टीतल्या दाताशेजारी धरला.

हिरवट. राखाडी. मेलेला. डॉक्टर बरोबरच म्हणाले होते. पट्टीतला दात जिवंत होता आणि तिने केलेला दात तिच्या बोटांत गार पडला होता.

आपली चूक इतकी ढळढळीत बघून कोणाला आनंद झाला नसेल इतका तिला झाला. दिसतंय! मला दिसतंय! खाली, त्या निळ्यापिवळ्या उजेडात, दोन्ही दातांतला लाल झाकला जात होता, म्हणून ते सारखे वाटत होते; डोळे कुठे गेले नव्हते. तिला वाटलं, धावत घरी जावं, बाळाचा ओठ खाली ओढावा आणि तो दात पुन्हा बघावा.

मग तिला खिडकीची कड दिसली.

कडेवर पाण्याची एक छोटी वाटी होती. तिच्यात ब्रश उभा. कोपऱ्यात सिरॅमिकच्या पावडरीचे वाळलेले ओघळ, जुन्यावर नवे, किती दिवसांचे कोण जाणे. आणि एक लहानसं फडकं, घडी घालून नीट ठेवलेलं. थोरलीच्या घड्या कोणालाही ओळखू आल्या असत्या. ती हातरुमालाचीसुद्धा शालीसारखी घडी घालायची.

चहा कुठे मिळतो या जिन्यात? धाकटीने हा प्रश्न आजवर स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

खालून पावलं वाजली. थोरली वर येत होती, लॅबमध्ये कोणी दिसलं नाही म्हणून. वळणावर आली, धाकटीला पाहिलं, तिच्या हातातला दात पाहिला, मग वाटी पाहिली. पिशवी खांद्यावरून खाली उतरवली.

"कळलं तर," ती म्हणाली.

"तुम्हाला कधीपासून माहिती होतं, ताई?"

"ट्यूब बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात, तू रजेवर असताना. माझा एक दात परत आला. मी तो इथे आणून बघितला."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुला कळेल. तू एवढी हुशार." थोरलीने फडकं उचललं, उलगडलं, पुन्हा घडी घातली. "तू परतल्यावर काही दिवस वाट बघितली. रोज वाटायचं, आज कळेल हिला. मग तू रडत रडत मालकांकडे गेलीस. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले."

"माझे डोळे गेले म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात तुम्ही!"

"हो."

"मी तुमच्यासाठी चहा आणला होता."

थोरलीला ते लागलं असावं, कारण तिचा आवाज चढला. "मग काय करू? वर्षानुवर्षं प्लास्टर ओतलं मी तिथे. तुला मी आणलं. हाताला धरून! तू वर्षात आत, आणि मी बाहेर, तुझे साचे ओतत. तुला दुसरी लॅब मिळेल, दुसरं काम मिळेल, तरणी आहेस. मला या वयात दुसरी खुर्ची कोण देणार? आयुष्यात एकदा कोणी म्हणालं, तुमच्यासारखं काम कोणाचं नाही. एकदा. ते मी सोडून द्यायचं?"

"मागितली असती तर दिली असती मी खुर्ची."

"हेच," थोरली म्हणाली. "हेच नको होतं मला. तू दिलेली."

धाकटी सरळ मालकांकडे गेली. सगळं सांगितलं, ट्यूब, पावडर, निळा दाणा, खिडकी, सगळं. थोरलीचं नाव घेतलं तेव्हा जीभ जरा अडखळली, पण घेतलं. मालकांना वर खिडकीत नेलं, दात दाखवला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला.

"खरंच की," ते म्हणाले. "म्हणजे दिव्याचाच दोष."

धाकटीचा श्वास मोकळा झाला.

"पण ताई," मालक दात डबीत ठेवत म्हणाले, "दिवे तर दोघींच्या डोक्यावर तेच होते. तुमच्या जावेने ओळखलं. तुम्ही नाही ओळखलंत. मग आता तुम्हीच सांगा, नजर कोणाची चांगली?"

धाकटीने नमुन्याचा दात पट्टीत परत बसवला. रात्रभर जागून मी यायचे, दिवे आधीच लागलेले असायचे, माझ्या स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मी तुम्हा सगळ्यांवर जास्त विश्वास ठेवला, हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीच उत्तर नव्हतं.

"ट्यूब बदलाल ना?" तिने विचारलं.

"बघू पुढे. काम काही अडलेलं नाही."

थोरली खुर्चीवर राहिली. मालकांनी जिन्यातल्या खिडकीपाशी तिला एक स्टूल मात्र दिलं. धाकटी बादलीपाशी. घरी दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करत होत्या, मीठ दे, झाकण दे, एवढंच बोलत होत्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, "तुमचं काही बिनसलंय का गं?" दोघी एकदम म्हणाल्या, "नाही हो!" आणि तेवढ्यापुरत्या पुन्हा जावा झाल्या.

दिवस लहान झाले. जिन्यातल्या खिडकीत उजेड उशिरा यायचा आणि लवकर जायचा. थोरली घाईची कामं डबीत घालून घरी आणू लागली, झिलई द्यायच्या आधी सकाळच्या उन्हात एकदा बघायला. अशाच एका सकाळी धाकटी बाल्कनीत बाळाला तेल लावत बसली होती. थोरली दारात येऊन उभी राहिली. हातात डबी.

"जरा बघतेस?" ती म्हणाली. अवघडून म्हणाली. "काल संध्याकाळी उजेड गेला होता, अंदाजानेच रंग लावला. मला वाटतंय ठीक आहे. पण हल्ली माझं... एका मुलीचा आहे, पुढचा. गुरुवारी नोकरीच्या मुलाखतीला जायचंय तिला. आज झिलई देऊन पाठवायचा आहे."

धाकटीने तेलाचं बोट पुसलं. दात घेतला, पट्टीतला नंबर घेतला, बाल्कनीच्या उन्हात शेजारी शेजारी धरले.

एका नजरेत दिसलं. हिरडीच्या बाजूला राखाडी, पोटात हिरवी छटा. अगदी पुसट, पण हसताना दिसेल अशी. समोर बसणारा माणूस आधी तिथेच बघेल. ब्रशचे दोन फटकारे, नारिंगीचा एक हलका हात, आणि झालं असतं. तिला ते इतकं स्वच्छ दिसलं की आत कुठेतरी गाठ सुटल्यासारखं झालं. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि कपाळावर, पुसायचा राहिलेला, सिरॅमिकचा एक ठिपका.

"छान आहे," धाकटी म्हणाली.

"नक्की ना?"

"जुळतोय."

थोरलीचा चेहरा सैल पडला. तिने दात परत घेतला, डबीत ठेवला, झाकण दाबलं. "तू बघितलंस म्हणजे मला काळजी नाही," ती म्हणाली. "तुझ्यासारखी नजर नाही गं कोणाची. मी कधी बोलले नाही, पण मला पहिल्यापासून माहितीये."

ती आत गेली. चपला घातल्याचा आवाज आला, सासूबाईंना "येते हं" म्हटल्याचा, मग जिना उतरल्याचा. धाकटी बाळाला उचलून कठड्यापाशी गेली. थोरली खाली रस्त्यावर आली, वर न बघता चालू लागली. डबीवर हात घट्ट धरून, पिल्लू नेताना धरतात तसा. कोपऱ्यापर्यंत हाक पोचली असती.

बाळाने तिच्या तेलकट बोटाला चावा घेतला, जोरात. तिने बोट सोडवलं नाही.